येतुंदे, वय आठ दिवस

मुलगी झाली असं देबोने दवाखान्यातून फोनवर सांगितलं, तेव्हा त्याच्या बापाने, म्हणजे लादोकुन सुताराने, एकच शब्द उच्चारला.

"येतुंदे."

मग फोन शेजारच्या लामिदीच्या हातात देऊन तो घरात गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

लामिदीने फोन कानाला लावला. "हं, देबो. बाबा रडायला गेलेत. नाव ऐकलंस ना?"

"कसलं नाव, काका? आम्ही अजून काही..."

"ठरलं रे ते," लामिदी म्हणाला आणि गल्लीला सांगायला निघाला.

ठरल्यातच जमा होतं. नायजेरियातल्या अबेओकुटा गावात कुठल्याही घरची आजी गेली आणि तिच्यामागून पहिली मुलगी जन्माला आली, की ती येतुंदे. आई परत आली, एवढाच त्याचा अर्थ. मग त्या मुलीला तिचा बाप 'आई' म्हणतो, आजोबा 'बायको' म्हणतात, आणि तिने ताटातलं सांडलं तरी कुणी तिच्यावर हात उगारत नाही. आईवर हात कोण उगारणार?

देबोची आई ऐन पावसाळ्यात गेली होती. तिचं नाव फेलिशिया. बाजारात तिला सगळे देबोची आई म्हणत, आणि आसाबी असं म्हणणारा जगात एकटा लादोकुन उरला होता. इतोकूच्या बाजारात ती निळीने रंगवलेलं कापड विकायची. तिच्यासाठी लादोकुनने स्वतःच्या हाताने इरोको लाकडाची शवपेटी केली होती. पण लोक हसतील म्हणून बहिणीने आणि मुलाने पितळी कड्यांची चकचकीत पेटी विकत आणली, आणि याची पेटी कारखान्यात फळ्यांखाली गेली. मयताच्या जेवणाला आलेल्यांना प्लास्टिकचे वाडगे वाटले होते. वाडग्याच्या तळाला आसाबीचा फोटो. उरलेले वाडगे घरात वापरात होते. लादोकुनचा भात संपत आला की आसाबी खालून बघायला लागायची. म्हणून तो हल्ली भात टाकून उठायचा.

चार महिने तो फारसा बोलला नव्हता. सून गरोदर आहे हे त्याला ठाऊक होतं, आणि मनातल्या मनात तो नुसता थांबून राहिला होता.

संध्याकाळी देबो डबा न्यायला घरी आला. दारातच उभा राहून म्हणाला, "बाबा, नावाचं आम्ही ठरवलंय. आरिएला."

"काय?"

"आरिएला."

"म्हणजे काय?"

"देवाची सिंहीण."

"कुठल्या भाषेत?"

"हिब्रू."

"आपल्या घरात हिब्रू कोण बोलतं?"

"बाबा, तुमचं नाव एझेकिएल आहे."

एझेकिएल हेही हिब्रूच. हे लादोकुनच्या लक्षातच नव्हतं.

लाकूड आडवं कापलं की आतल्या कड्यांवरून झाडाचं वय सांगता येतं. त्यांच्या गल्लीत नावावरून माणसाचं सांगता यायचं. लादोकुनच्या बापाच्या काळात जन्माच्या वेळी जे घडलं तेच नाव. वाटेत जन्मला तो अबिओना, नाळ गळ्याला गुंडाळून आला तो ओजो. मग मिशनची शाळा आली आणि एकेका वर्गात चार-चार मोझेस बसायला लागले. लादोकुन एझेकिएल झाला आणि त्याची मोठी बहीण कम्फर्ट, म्हणजे दिलासा. तिने पुढे आयुष्यात कुणाला दिला नाही तो. स्वातंत्र्य आलं तशी लोकांना त्या नावांची लाज वाटायला लागली आणि घरची नावं परत आली. देबोच्या वर्गात पाच येतुंदे होत्या. तेव्हा आज्या भराभर मरत असाव्यात. त्यानंतर नवे पास्टर आले. त्यांनी प्रत्येक नावापुढे देव जोडला, आणि नावं वाक्याएवढी लांब झाली. शाळेच्या गणवेशावर नाव भरून देणारी बाई शब्दांवर पैसे घ्यायला लागली. आता नावं फोनमधून येत होती, आखूड आणि गुळगुळीत, आणि ती सगळी 'आ'वर संपायची.

"येतुंदेत वाईट काय आहे?" लादोकुनने विचारलं.

"वाईट काही नाही. पण बाजारात जाऊन हाक मारून बघा. वीस बायका वळून बघतील. सगळ्यांचे चष्मे दोरीने गळ्यात लटकवलेले असतील. बुसोला म्हणते, येतुंदे हे काकूचं नाव आहे. पाळण्यात काकू कशी झोपवायची?"

"ती काकू नाही. ती तुझी आई आहे."

देबोने डबा उचलला. "बाबा, तुमचं दुःख मला कळतं," तो म्हणाला. ऑफिसात गिऱ्हाइकाला सांगतात तशा आवाजात.

तिसऱ्या दिवशी सून बुसोला बाळाला घेऊन घरी आली. दुपारी लादोकुन स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला, तर ती मडक्याशी उभी राहून बाळंतिणीचं मिरचीचं सूप ढवळत होती. त्याला बघून तिने गुडघे जरा वाकवले आणि परत ढवळायला लागली.

"बाबा, खरं सांगू का?"

"सांग."

"रागावणार नाही ना?"

"ते ऐकल्यावर बघू."

"सात वर्षं मी आईंच्या हाताखाली काढली. मिरच्या निवडताना त्या माझ्या मागे उभ्या राहायच्या. एक जास्त गेली की म्हणायच्या, तुझ्या माहेरी आग विझवायला माणसं ठेवली आहेत का. मी कधी उलट बोलले नाही. शेवटी मीच त्यांना न्हाऊ घालत होते, तेव्हाही पाणी कोमट करायला मला शिकवत होत्या. गेल्या तेव्हा मी रडले, आणि मनापासून रडले. पण मला मुलगी हवी आहे, बाबा. सासू परत नको. ही रडायला लागली तर हिला गप्प बस कसं म्हणू? आईंना गप्प बस म्हणू?"

लादोकुनला हसू आलं. पावसाळ्यानंतरचं पहिलंच. "तिला गप्प बस म्हणणारा माणूस मला तरी भेटला नाही."

"हसू नका. देबोला मी सांगितलं, नाव जुनं वाटतं म्हणून. हे कसं सांगणार?"

"बरोबर."

"मग?"

त्याने पेला पालथा घातला. "ती येत असेल तर वाटेत उभी राहू नकोस, सूनबाई," तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता, तरी बुसोलाने तोंड फिरवलं आणि ती परत सूप ढवळायला लागली.

दुसऱ्या दिवशी कम्फर्ट आत्या आली. येताना तिने पास्टरनाही आणलं. पास्टरांचं नाव जेसुबुन्मी. त्यांच्या बापाचं फाबुन्मी. बापाच्या नावातला 'फा' म्हणजे कौल देणारा जुना देव, तो काढून मुलाने तिथे येशूला बसवलं होतं, बाकी नाव तसंच. भाडेकरू बदलावा तसं.

"माणूस एकदाच जन्मतो," पास्टर म्हणाले. "मेलेलं माणूस परत येतं हे आपल्यात बसत नाही."

"माझा भाऊ जेवत नाही, हे कशात बसतं?" आत्याने विचारलं.

पास्टरांनी समोरच्या ताटलीतल्या मांसाच्या तुकड्याकडे पाहिलं आणि विचार केला. "नाव ठेवायला हरकत नाही," ते म्हणाले. "अर्थ धरायचा नाही."

"आम्ही कुठे धरतोय," आत्या म्हणाली.

देबो अजून नकारार्थी मान हलवत होता. मग आत्या त्याच्याकडे वळली. "आणि हे बघ. आईच्या वर्षाला मंडप घालायचा, गाय कापायची, बँडवाले आणायचे, सगळ्या नात्याला एका रंगाचं कापड घ्यायला लावायचं, हे सगळं तुझ्या डोक्यावर आहे. पण आई जर घरी आली असेल तर वर्ष कुणाचं घालणार? पाळण्यातल्या बाईची आठवण काढायला जेवण घालतात का कुठे?"

देबोची मान हलायची थांबली.

"तसं बघितलं तर," तो हळूहळू म्हणाला, "येतुंदे नाव पुन्हा चालायला लागलंय. माझ्या ऑफिसातल्या एकाने परवाच..."

"येतुंदे आरिएला," आत्या म्हणाली. "दुसरं नाव घेऊन फोनवर फिरवा काय फिरवायचं ते."

लादोकुनने बहिणीचे दोन्ही हात धरले. त्या रात्री तो वाडगा रिकामा होईपर्यंत जेवला.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीतला जो तो त्याला हाक मारून बोलायला लागला. "काय लादोकुन, बायको आली म्हणे घरी." "तरुण होऊन आली, नशीबवान आहेस लेका." त्याला बरं वाटलं. दोन दिवस बरं वाटलं.

मग आत्याने त्याच्या अंगातला काळा सदरा मागितला. "हा काढ आता. बाळापुढे काळं घालून बसतात का?"

"वर्ष व्हायचंय, आक्का."

"कसलं वर्ष? ती बघ, दूध पितेय."

त्याने सदरा काढून दिला. दुपारी तो लामिदीच्या ओट्यावर आयो खेळायला गेला. पाटावरच्या खळग्यांतून बिया फिरवायचा हा खेळ दोघं चाळीस वर्षं खेळत होते. आसाबी गेल्यापासून लामिदी मुद्दाम हरायचा, आणि लादोकुनला ते कळायचं. त्या दिवशी लामिदीने त्याला लागोपाठ तीन डावांत साफ धुतला.

"आज काय झालं?" लादोकुनने विचारलं.

"काय व्हायचंय? किती दिवस हरू? तुझी बायको आली की परत."

"लामिदी, ती शेवटच्या दिवसांत तुझ्या बायकोला काय म्हणाली होती, आठवतं? ते कापडाचं..."

"आता तिलाच विचार ना," लामिदी म्हणाला. आपल्याच विनोदावर तो इतका हसला की बिया सांडल्या.

घरी आला तर आसाबीच्या खोलीचं दार सताड उघडं. आत्या पेटाऱ्यांमधली कापडं काढून नात्यातल्या बायकांना वाटत होती. देबो भिंतीला गुलाबी रंग लावणाऱ्या माणसाशी बोलत होता.

"हे काय चाललंय?"

"खोली तिचीच आहे, बाबा," देबो म्हणाला. "तिलाच देतोय. पाळणा इथे, खिडकीपाशी. तुम्हाला आवडेल असं वाटलं."

"आणि हे सामान?"

"अरे, ती मोठी होईपर्यंत ही कापडं राहतात होय?" आत्याने एका मावशीच्या हातात गडद निळं कापड कोंबलं. "फेलिशिया काय जुनं नेसणार आहे? नवीन घेऊ तिला. आणि लादो, उभाच आहेस तर ऐक. आमच्या चर्चमध्ये एक विधवा बाई आहे. स्वभावाने गरीब, कंदाच्या पिठाचं आमाला छान करते. आता फेलिशियाची सोय झाली, तर तुझीही..."

लादोकुन ऐकायला थांबला नाही.

बैठकीच्या खोलीत नव्या वाडग्यांच्या चळती येऊन पडल्या होत्या. त्याने एक उचलला. तळाला दोन फोटो. डावीकडे डोक्याला कापड बांधलेली आसाबी, उजवीकडे मिटलेल्या डोळ्यांचं बाळ. साबणाच्या जाहिरातीत आधीचा आणि नंतरचा चेहरा दाखवतात तसे. खाली सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, 'येतुंदे परतली, देवाचे आभार.'

बुसोला न्हायला गेली होती. बाळ आतल्या पलंगावर एकटं होतं, जागं होतं. लादोकुन शेजारी बसला आणि त्याने दार लोटून घेतलं.

"आसाबी," तो म्हणाला.

बाळाने छताकडे पाहिलं.

"पाण्याचा पंप दुरुस्त झाला. तू म्हणायचीस तो माणूस नाही, दुसराच आणला. बाजारात तुझ्या जागेवर आता ती बदमाश बसते, कोपऱ्यावरची. मी काही बोललो नाही." तो थांबला. "मी शेवटी दवाखान्यात उशिरा आलो. रस्त्यात ट्रक उलटला होता. ते तुला कुणी सांगितलं का?"

बाळाने जांभई दिली. कपाळ तर सरळ सरळ बुसोलाच्या बापाचं होतं, रुंद आणि पुढे आलेलं. आठवडाभर सगळे म्हणत होते की नाक आसाबीचं आहे. लादोकुनने ते नाक नीट पाहिलं. नाकासारखं नाक होतं. बाळाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, अनोळखी माणसाकडे बघतात तसं, सभ्यपणे. मग तिने मूठ तोंडात घातली आणि ती आपल्या कामाला लागली.

पलीकडून रंगाचा वास येत होता, आणि त्या वासाखाली दाबली गेलेली आसाबीच्या कापडांची घाण, निळीची, आंबलेल्या पानांची. बायका वर्षानुवर्षं ज्या घाणीला नावं ठेवत होत्या तीच. उद्यापर्यंत तीही जाणार होती. घरात कुणी मेलंच नव्हतं, तर वास कशाला राहील?

आठव्या दिवशी सकाळी अंगणात मंडप भरला. नात्यातल्या सगळ्या बायका एकाच कापडात, जांभळ्या. मधे टेबलावर मध, मीठ, पाणी आणि कोलाच्या बिया यांच्या बश्या. पास्टरांची प्रार्थना लांबली. मग घरातला वडील पुरुष म्हणून लादोकुनने बाळाला हातात घेतलं. पहिलं नाव त्याने उच्चारायचं आणि लोकांनी त्याच्यामागून म्हणायचं, अशी रीत आहे.

त्याने बोटाने बाळाच्या ओठाला मध लावला. मीठ लावलं. पाण्याचे थेंब दिले. आत्या पहिल्या रांगेत हात जोडून तयार होती.

"आरि," लादोकुन म्हणाला. अडला. रात्री त्याने पुष्कळ वेळा म्हणून पाहिलं होतं, पण माणसांपुढे जीभ वळेना. "आरि-ए-ला."

कुणीच मागून म्हटलं नाही. वाढप्यांच्या हातातली पळी तेवढी वाजली.

"लादो," आत्या दबक्या आवाजात म्हणाली, "दुसरं नाव नंतर. आधी पहिलं घे."

"हेच पहिलं."

"वाडग्यांवर छापलंय," देबो म्हणाला.

"छापू दे." लादोकुनने बाळाला खांद्याशी धरलं. "देबोची आई पावसाळ्यात वारली. तिला मातीत ठेवताना मी पाहिलंय, तुम्हीही पाहिलंय, जेवून गेलात सगळे. ती आलेली नाही. आली तर पहिल्यांदा मला कळेल, मग मी तुम्हाला सांगेन. ही पोर वेगळी आहे. हिला तिचं काहीच माहीत नाही, मी विचारलं. आणि वर्ष झालं की वर्षाचं जेवण होणार. गाय नसली तरी चालेल."

"दुःखाने फिरलंय याचं डोकं," आत्याने मागच्या रांगेला समजावलं.

"शास्त्राला धरून आहे तसं," पास्टर म्हणाले आणि खोकले.

पण आत्या हार मानणाऱ्यांतली नव्हती. पहिल्या नावानंतर कोणीही नाव देऊ शकतं, त्याला कुणी नाही म्हणत नाही. तिने पुढे होऊन मोठ्याने "येतुंदे" म्हटलं. मंडपाने सुटकेचा श्वास टाकून तिच्यामागून म्हटलं. बुसोलाच्या आईने आपल्या मेलेल्या आईसाठी आणखी एक नाव दिलं. मग झुंबड उडाली. लामिदीने अरबी नाव दिलं, रंगवाल्याने आपल्या मुलीचं, आणि पास्टरांनी एक पुरं वाक्यच दिलं. लोकांनी येतुंदेचे वाडगे काखोटीला मारले, आरिएलाचा भात खाल्ला आणि दुपार कलताना आपापल्या घरी गेले. देबो बापाशी न बोलता खुर्च्या मोजून परत द्यायला गेला. आत्या जाताना त्या विधवा बाईचा नंबर टेबलावर ठेवून गेली.

लादोकुन काळा सदरा परत अंगात घालून मागच्या पायरीवर बसला. थोड्या वेळाने बुसोला बाळाला पाठीशी बांधून बाहेर आली. ती उभीच राहिली, डुलत, बाळ झोपावं म्हणून.

"आत्या माझ्यावरच चिडल्यात," ती म्हणाली. "मीच तुम्हाला फितवलं म्हणतात."

"म्हणू दे."

"माझ्यासाठी केलंत का?"

"नाही."

"बरं झालं. नाहीतर उपकार फेडत बसावं लागलं असतं." ती पायरीवर टेकली. मग ती म्हणाली, "आईंनी लग्नात माझा काय अपमान केला होता, माहितीये? मी हे कुणाला सांगितलेलं नाही. देबोलासुद्धा नाही. सगळ्या वऱ्हाडापुढे म्हणाल्या, हिने डोक्याचं कापड बांधलंय की मलमपट्टी केलीय."

लादोकुन तिच्याकडे वळला. "मलमपट्टी नाही म्हणाली."

"मी तिथे होते, बाबा. माझ्याच डोक्यावर होतं ते."

"मी पण होतो. गळू फुटल्यावर बांधतात तसं, असं म्हणाली."

"त्याने काय फरक पडतो?"

"पडतो. मलमपट्टी हा शब्द ती वापरायचीच नाही. आणि मग तिने स्वतः तुला आत नेऊन नीट बांधून दिलं."

"नीट? मान आवळली माझी. सगळ्या फोटोंत डोळे बाहेर आलेत. आणि तुम्ही हसत होता."

"हसत होतो," लादोकुन म्हणाला. त्याने तोंडावरून हात फिरवला आणि तो तसाच डोळ्यांवर राहू दिला. "अजून काय म्हणाली होती? तू सांग. मी चुकीचं असेल तिथे सांगतो."